याप्य व्याधीत परिचारकाचे स्थान : सिकलसेलग्रस्त बालकाच्या कुटुंबाला आधार

प्रास्ताविक

आपल्या अंकांतून व्याधी, द्रव्य व कल्प यांविषयी विपुल लेखन होत असते. चिकित्सेच्या चतुष्पादांपैकी भिषक, द्रव्य आणि रोगी या तीन पादांचा विचार आपण नेहमी करतो. चौथा पाद जो उपस्थाता किंवा परिचारक, तो मात्र बहुधा परीक्षेतील उत्तरापुरताच उरतो. ज्या घरातील बालकाला दीर्घकालीन व वेदनाप्रधान व्याधी आहे, तेथे हाच पाद सर्वांत अधिक भार वाहतो, आणि तोच सर्वांत आधी खचतो. प्रस्तुत लेखात सिकलसेल या आनुवंशिक रक्तव्याधीच्या निमित्ताने त्याचा विचार करावयाचा आहे.

हा विषय पिंपरी-चिंचवडमधील वैद्याने का मांडावा, अशी शंका कोणी घेईल. सिकलसेल म्हटले की गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, नंदुरबार, मेळघाट ही नावे डोळ्यांसमोर येतात. परंतु व्याधी माणसाबरोबर प्रवास करतो. पवनेच्या काठचे पिंपळे गुरव एकेकाळी लहानसे गाव होते. आज तेथे विदर्भ, मराठवाडा व खानदेशातून पिंपरी, भोसरी, चाकणच्या कारखान्यांत कामाला आलेली असंख्य कुटुंबे दोन-दोन खोल्यांत राहतात. त्यांच्या पेटीत गावाकडची कागदपत्रे असतात आणि रक्तात गावाकडचा वारसा असतो. आपण नाडी पाहतो, जिव्हा पाहतो. परंतु ‘मूळ गाव कोणते?’ हे विचारावयाचे राहून जाते. आमच्याकडूनही ते राहून गेले होते.

रुग्णेतिवृत्त

काही वर्षांपूर्वीची ही घटना आहे. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. पिंपळे गुरवमध्ये राहणारा सात वर्षांचा मुलगा डिसेंबरात आमच्या चिकित्सालयात आला. वडील चाकणला कंत्राटी कामगार, आई घरी शिवणकाम करणारी, सोबत आजी आणि चार वर्षांची धाकटी बहीण. मुलाची तक्रार हातपाय व पाठ दुखण्याची होती. चेहरा निस्तेज, नेत्र किंचित पीत, भूक मंद. सांध्यांच्या जवळ स्पर्शासहत्व होते. वेदना काही दिवस तीव्र राहून आपोआप शमत व पुन्हा उद्भवत.

आम्ही आमवाताचे निदान केले. लंघन सांगितले, वालुकास्वेद दिला, सिंहनाद गुग्गुळ व महारास्नादि काढा योजला. पांडुत्व दिसत होते म्हणून मंडूरकल्पही दिला. पहिल्या आठवड्यात वेदना शमली आणि आमचा विश्वास वाढला. ती वेदना स्वभावतः शमणारी होती, आमच्या औषधाने नव्हे, हे आम्हाला पुढे कळले. तिसऱ्या आठवड्यात एका रात्री, दुसरी पाळी संपवून आलेले वडील मुलाला खांद्यावर घेऊन आमच्या दारात उभे राहिले. अंगात ताप, छातीत दुखणे, श्वास जलद. त्याच रात्री त्याला रुग्णालयात दाखल करावे लागले. दुसऱ्या दिवशी रक्ताच्या तपासणीत सिकलसेल व्याधी, म्हणजे ‘एस-एस’ प्रकार, निश्चित झाला. फुफ्फुसांतील गंभीर उपद्रवावर वेळेवर उपचार मिळाल्याने मुलगा वाचला.

आम्ही भेटावयास गेलो तेव्हा आई बराच वेळ काही बोलली नाही. नंतर हळूच म्हणाली, “डॉक्टरसाहेब, कार्ड होतं जी आमच्याकडे. गावच्या शाळेत तपासणी झाली तेव्हाचं. पेटीत ठेवलं होतं.” मग दाखवले का नाही, असे आम्ही विचारले. ती म्हणाली, “घरमालकाले कळलं तर खोली सोडा म्हणतील असं वाटलं. अन् तुम्ही इचारलं बी नाही.”

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, म्हणूनच ते वाक्य आम्हाला अधिक लागले. लंघन व रूक्ष स्वेदाने त्या बालकाच्या शरीरातील द्रवांश कमी झाला असणार, आणि या व्याधीत तेच सर्वांत अहितकर आहे. चूक आमच्या प्रश्नपरीक्षेत झाली होती. आपल्या शास्त्रात देश हाही परीक्षेचा विषय आहे, आणि रुग्ण कोणत्या देशात जन्मला व वाढला याचा विचार त्यात येतो. आम्ही रुग्णाचा देश पिंपळे गुरव समजून बसलो होतो.

व्याधीचे स्वरूप

रक्तातील लाल पेशींत हिमोग्लोबिन असते. त्याच्या बीटा साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येणे, एवढाच मूळ दोष असतो. प्राणवायू कमी झाला की असे हिमोग्लोबिन एकमेकांस जोडले जाऊन पेशी कडक व विळ्याच्या आकाराची होते. निरोगी लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते. ही पेशी साधारण १० ते २० दिवसांतच नष्ट होते. म्हणून पांडुत्व व नेत्रांची पीतता दिसते. कडक पेशी सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात आणि त्यापुढील भागाचा रक्तपुरवठा खुंटतो. म्हणून अस्थींत, पाठीत, छातीत, उदरात असह्य वेदना होतात. आपल्या परिभाषेत सांगावयाचे तर रक्तवह स्रोतसांचा संग आणि त्यातून उत्पन्न होणारी वातवेदना असे हे चित्र आहे. मात्र या संगाचे कारण आमदोष नसून पेशीचा जन्मजात दोष आहे, हे विसरता कामा नये.

१९१० साली शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी या पेशींचे प्रथम वर्णन केले. भारतात १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींमध्ये हा दोष आढळल्याची नोंद झाली. पुढे मध्य व पश्चिम भारताच्या मोठ्या पट्ट्यात तो असल्याचे दिसून आले. आदिवासी समाजांत त्याचे प्रमाण अधिक असले तरी तो त्यांच्यापुरता मर्यादित नाही. विदर्भात अनेक जातिसमूहांत तो आढळतो. ज्या प्रदेशांत हिवतापाचा प्रादुर्भाव पिढ्यानपिढ्या होता, तेथे वाहकांना गंभीर हिवतापापासून काही संरक्षण मिळाले आणि म्हणून हा दोष टिकून राहिला. तेव्हा हा कोणा समाजाचा कलंक नव्हे; हिवतापाशी झालेल्या दीर्घ झुंजीची ती खूण आहे. कुटुंबाला हे समजावून सांगितले तर त्यांच्या मनावरचे अर्धे ओझे उतरते, असा आमचा अनुभव आहे.

संहितांच्या प्रकाशात

सुश्रुताचार्यांनी व्याधींच्या वर्गीकरणात आदिबलप्रवृत्त व्याधी सांगितले आहेत. शुक्र व शोणित यांच्या दोषातून ते उद्भवतात, आणि त्यांचे मातृज व पितृज असे भेद आहेत. सिकलसेलमध्ये मातृज व पितृज हे दोन्ही अंश एकत्र यावे लागतात. माता व पिता दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भधारणेत बालक व्याधिग्रस्त होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के व पूर्ण निर्दोष असण्याची २५ टक्के असते. वाहकाला सहसा त्रास नसतो. त्याला रोगी ठरवू नये.

हे गणित घरातील वाद मिटविण्यासाठीही उपयोगी पडते. आमच्या रुग्णाची आजी वारंवार म्हणत असे, “हे दुखनं सुनेच्या माहेरचं आये, आमच्या घरात नव्हतं कोनाले.” आम्ही दोन रंगांची बटणे घेऊन तिच्यासमोर मांडली आणि मुलाने एक बटण आईकडून व एक बापाकडून घेतल्यावाचून हा व्याधी होतच नाही, हे दाखविले. म्हातारी बराच वेळ बटणांकडे पाहत राहिली. त्यानंतर निदान आमच्यासमोर तरी तिने सुनेला दोष दिला नाही.

साध्यासाध्यत्वाच्या विचारात हा व्याधी याप्य होय. पडू पाहणाऱ्या घराला योग्य ठिकाणी टेकू दिला तर ते उभे राहते, तसे याप्य व्याधीत चिकित्सेने व पथ्याने रुग्णाला सांभाळावयाचे असते, असा दृष्टान्त सुश्रुतसंहितेत आला आहे. टेकू काढला की घर कोसळते, हेही त्यातच आले. तो टेकू रोज कोण धरून ठेवतो? वैद्य आठवड्यातून एकदा भेटतो. रात्री दोन वाजता मुलाचे पाय मांडीवर घेऊन बसते ती आई. चरकाचार्यांनी परिचारकाचे चार गुण सांगितले आहेत : उपचाराचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी अनुराग आणि शुचिता. अनुराग आईजवळ उपजत असतो. उर्वरित तीन गुण तिला शिकविणे व शिकविताना तिचे बळ टिकविणे, हे आपले कार्य आहे.

निदानातील चकवे

सहा महिन्यांपर्यंत गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनमुळे बालक बहुधा सुरक्षित असते. त्यानंतर दोन्ही हातापायांच्या बोटांना सूज येऊन बालक रडू लागले तर ते या व्याधीचे पहिले लक्षण असू शकते. मोठ्या मुलात फिरती अस्थिवेदना पाहून आमवात, नेत्र पीत पाहून कामला, निस्तेज वर्ण पाहून पांडू असे निदान होते. लंगडत चालणाऱ्या मुलाच्या कटिसंधीतील अस्थीचा रक्तपुरवठा खुंटलेला असू शकतो. अंथरुणात लघवी होते म्हणून मूल मार खाते. वास्तविक या व्याधीत वृक्कांची मूत्र घट्ट करण्याची शक्ती घटते, त्यामुळे लघवी अधिक होते.

म्हणून वारंवार वेदना, पांडुत्व व पीतता यांपैकी काहीही दिसले तर चार प्रश्न अवश्य विचारावेत. मूळ गाव कोणते? घराण्यात कोणाला असे दुखते काय, किंवा कोणी बालवयात दगावले आहे काय? कधी रक्त चढविले आहे काय? शाळेत वा आरोग्य केंद्रात रक्ततपासणीचे कार्ड मिळाले आहे काय? हे प्रश्न एकांतात विचारावेत, आणि उत्तर कोणालाही सांगणार नाही असा शब्द द्यावा. जात विचारण्याचे कारण नाही. विद्राव्यता चाचणी प्राथमिक असते. निश्चित निदान इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या तपासणीने होते. धाकट्या भावंडांचीही तपासणी करून घ्यावी.

बालकाच्या वेदनेवर विश्वास

काश्यपसंहितेच्या सूत्रस्थानात वेदनाध्याय नावाचा अध्याय आहे. जे बालक बोलू शकत नाही त्याची वेदना कशी ओळखावी, हा वृद्धजीवकाचा प्रश्न आणि त्याला काश्यपांनी दिलेले उत्तर हा त्याचा विषय. बालक डोके कसे हलविते, डोळे कधी मिटते, हात कानाकडे कसा नेते, झोप व स्तनपान कसे टाळते, यांवरून वेदनेचे स्थान ओळखण्याची रीत तेथे दिली आहे. ज्या वेदनेला वाचा नाही तिच्यावरही वैद्याने विश्वास ठेवावयाचा, हा त्या अध्यायाचा गाभा आम्हास वाटतो.

सिकलसेलग्रस्त बालकाला वाचा असते, परंतु विश्वास मिळत नाही. बाहेरून सूज नाही, जखम नाही. मूल दुखत असतानाही दूरदर्शनसंचासमोर बसते किंवा झोपी जाते; मग शाळा चुकविण्यासाठी ढोंग करतो, असे शेजारी म्हणतात. वस्तुतः मन दुसरीकडे गुंतविणे हा बालकाचा स्वतःचा उपाय असतो. आम्ही आईला एक वही करावयास सांगितली. दिनांक, वेदनेचे स्थान, शून्य ते दहा यांपैकी मुलाने स्वतः सांगितलेला अंक, त्या दिवशी प्यायलेले पाणी, ताप, दिलेले औषध, शाळा झाली की नाही, एवढेच रकाने. तीन महिन्यांत त्या वहीने दाखविले की थंडीच्या पहाटे, तसेच खेळाच्या तासानंतर पाणी न प्यायलेल्या दिवशी वेदना वाढते. पुढे हीच वही रुग्णालयातील डॉक्टरांनाही उपयोगी पडली.

घरी पाळावयाचे नियम

पाणी हे या बालकाचे पहिले पथ्य होय. दिवसभर थोडे थोडे पाणी, पेज, ताक, वरणाचे पाणी देत राहावे. शाळेत बाटली न्यावी, आणि पाणी पिण्यास व लघवीस जाण्यास मोकळीक द्यावी असे पत्र शिक्षकांना द्यावे. थंडीत ऊबदार कपडे, कोमट पाण्याने स्नान. पावसात भिजणे, थंड पाण्यात पोहणे, दमेपर्यंत धावणे टाळावे. खेळ मात्र पूर्ण बंद करू नये; दमल्यावर थांबण्याची मुभा असावी. उपवास करू देऊ नये. लसीकरण पूर्ण करावे. न्युमोकोकल लस २०२१ पासून देशभर नियमित लसीकरणात आली आहे. याशिवाय लागणाऱ्या लसी आणि लहान वयात जंतुसंसर्ग टाळण्यासाठी दिले जाणारे पेनिसिलिन यांविषयी बालरोगतज्ज्ञांचा सल्ला पाळावा.

सौम्य वेदनेत विश्रांती, द्रवपदार्थ, कोमट शेक व डॉक्टरांनी ठरवून दिलेले वेदनाशामक यांचा उपयोग करावा. बर्फ कधीही लावू नये. खालील लक्षणांत मात्र घरगुती उपाय वा आपली औषधी यांत एक तासही न घालविता रुग्णालय गाठावे :

१) ताप १०१ अंश फॅरनहाइट किंवा अधिक.
२) छातीत दुखणे, खोकला, श्वास जलद होणे.
३) अकस्मात फिकटपणा वाढणे, डाव्या बरगडीखाली पोट फुगणे (प्लीहेत रक्त साठल्याचे हे लक्षण असू शकते).
४) एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, तोंड वाकडे होणे, बोबडी वळणे, आचके, तीव्र शिरःशूल.
५) घरच्या औषधाने न शमणारी वेदना, सततच्या उलट्या, अति सुस्ती.
६) मुलग्यात शिश्नाचे वेदनायुक्त ताठरणे दीर्घ काळ टिकणे. मुले लाजेने सांगत नाहीत. म्हणून आधीच सांगून ठेवावे.

आईला प्लीहा चाचपावयास शिकविता येते. आम्ही शिकविले. उपचाराचे ज्ञान हा परिचारकाचा गुण असा प्रत्यक्षात येतो.

औषधीविषयी मर्यादा

येथे आम्हास स्पष्ट बोलले पाहिजे. सिकलसेल मुळापासून बरा करणारा कोणताही आयुर्वेदीय कल्प आज सिद्ध झालेला नाही. हायड्रॉक्सियुरिया हे औषध गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे प्रमाण वाढविते, त्यायोगे वेदनेचे वेग व फुफ्फुसांचे उपद्रव कमी होतात. ते तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, नियमित रक्तमोजणी करून, दीर्घकाळ घ्यावयाचे असते. जुळणाऱ्या दात्याच्या अस्थिमज्जेचे प्रत्यारोपण हा मूलगामी उपाय आहे. परंतु असा दाता प्रत्येकाला मिळत नाही. २०२३ साली ब्रिटन व अमेरिकेत जनुकीय उपचारांना मान्यता मिळाली; त्यांचा खर्च सामान्य कुटुंबाच्या कल्पनेपलीकडचा आहे. कुटुंब या बातम्या वाचून येते, तेव्हा खरे तेच सांगावे.

आपण काय टाळावे? वमन, विरेचन, लंघन व तीव्र स्वेदन टाळावे, कारण त्यांनी द्रवक्षय होतो. पांडुत्व दिसले म्हणून लोह व मंडूर यांचे कल्प देऊ नयेत. लोहाची कमतरता तपासणीने सिद्ध झाली असेल तरच त्यांचा विचार करावा. ज्याला वारंवार रक्त चढविले आहे त्याच्या शरीरात लोहाचा संचय आधीच वाढलेला असतो. वृक्कांवर भार पडत असलेल्या बालकात रसकल्पांचा मोह आवरावा. वेगाच्या काळात जोरकस मर्दन करू नये. वेदना नसलेल्या काळात कोमट तिळतेलाचा हलका अभ्यंग, निद्रा, मलावष्टंभ टाळणारा आहार, अग्नीची काळजी एवढ्यांत आपले पुष्कळ काम आहे. जे काही द्यावयाचे ते रुग्णालयातील डॉक्टरांना कळवून द्यावे, आणि त्याची नोंद वहीत असावी.

आमच्या रुग्णाच्या बाबतीत खरी कसोटी पुढच्या वर्षी आली. हायड्रॉक्सियुरियाने मुलाचे दुखणे इतके कमी झाले की वडील म्हणाले, “आता हे बंद करून आयुर्वेदिक सुरू करा, कायमचं बरं होईल असं एकाने सांगितलं.” कोणीतरी बिनलेबलच्या पुड्यांचा सहा महिन्यांचा ‘कोर्स’ देऊ केला होता, त्यासाठी ते कर्ज काढावयास निघाले होते. अशा पुड्यांत स्टेरॉइड असल्यास वेदना दोन दिवस थांबते आणि मग अधिक तीव्रतेने उसळू शकते. आम्ही त्यांना टेकूचा दृष्टान्त सांगितला. घर उभे दिसते ते टेकूमुळे. उभे दिसते म्हणून टेकू काढावयाचा नसतो. वैद्यानेच नकार दिल्याने त्यांना आश्चर्य वाटले, पण त्यांनी ऐकले. ‘आयुर्वेदाने हे बरे होत नाही’ असे त्या दिवशी स्पष्ट सांगितल्याने आमच्यावरील त्यांचा विश्वास वाढला, उणावला नाही.

औषधविक्रेत्यांसाठी

औषधी दुकानाचे मालक हे या साखळीतील महत्त्वाचे सहकारी आहेत. हायड्रॉक्सियुरिया चिठ्ठीशिवाय देऊ नये, आणि चिठ्ठी असताना ‘संपले आहे’ म्हणून रुग्णाला रिकाम्या हाती परत पाठवू नये. परिसरात एक-दोन रुग्ण असतील तर महिन्याची बेगमी आधी करून ठेवावी. कॅप्सूल फोडू नये, विशेषतः गर्भवती स्त्रीने तिच्या भुकटीस स्पर्श करू नये, हे सांगावे. वेदनाशामके वारंवार नेणाऱ्या कुटुंबाकडे संशयाने न पाहता डॉक्टरांना भेटण्यास सुचवावे. ‘रक्तवाढीचे’ टॉनिक मागितले तर त्यात लोह आहे काय, हे पाहावे. एका विक्रेत्याने आमच्या रुग्णाच्या आईला काउंटरवर मोठ्याने आजाराचे नाव विचारले; त्यानंतर ती दोन महिने दूरच्या दुकानात जात राहिली. हळू आवाजात बोलणे हीही सेवाच होय.

कुटुंबाचा भार

आईची झोप, पाठ व भूक यांची चौकशी प्रत्येक भेटीत करावी. ती स्वतःहून सांगत नाही. वडिलांचा एक खाडा म्हणजे एका दिवसाची मजुरी, आणि कंत्राटी कामात वारंवार खाडे म्हणजे काम जाण्याचे भय. म्हणून रुग्णालयात वडिलांनीच यावे असा आग्रह न धरता, पाळीनुसार कोण नेईल हे आधीच ठरवून द्यावे. आमच्या रुग्णाच्या घरी दाराजवळ एक पिशवी कायम भरलेली असते : कार्डाची प्रत, वही, एक चादर, पाण्याची बाटली आणि डब्यात रिक्षापुरते पैसे. शेजारच्या एका बाईंना, आईच्या संमतीने, सर्व सांगून ठेवले आहे. घरमालकालाही पुढे कळले. त्यांनी खोली सोडावयास सांगितले नाही. रात्री गाडी लागली तर हाक मारा, एवढेच ते म्हणाले.

धाकट्या बहिणीकडे कोणाचे लक्ष नसते. तपासणीत ती वाहक निघाली. भावाचे पाय दुखले की आपलेही पोट दुखते असे ती सांगू लागली, तेव्हा तिलाही तपासून, तिच्याशी बोलून, आठवड्यातून एक दिवस आईने फक्त तिच्यासाठी राखावा असे आम्ही सुचविले. पोटाची तक्रार थांबली.

सवलतींची माहिती देणे हाही चिकित्सेचाच भाग समजावा. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातील २१ प्रकारांत सिकलसेल, थॅलेसेमिया व हिमोफिलिया यांचा समावेश आहे. त्या आधारे प्रमाणपत्र व परीक्षेतील वाढीव वेळ यांसाठी अर्ज करता येतो. एस.टी.च्या प्रवासातही सिकलसेल रुग्णांना सवलत आहे. वर्षातून एकदा गावी जाणाऱ्या कुटुंबाला ती मोठीच वाटते. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी व २०४७ पर्यंत निर्मूलन हे त्याचे उद्दिष्ट. अभियानाचा भर आदिवासीबहुल भागांवर आहे. ते कुटुंब आपल्या औद्योगिक पट्ट्यात आले की हातचे सुटू नये, यासाठी त्याला सांगवी फाट्याजवळील औंधचे जिल्हा रुग्णालय, संत तुकारामनगरचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय किंवा कामगार विमा असल्यास मोहननगरचे विमा रुग्णालय यांपैकी एकाशी जोडून देणे आपल्या हातात आहे. नुसता पत्ता देऊ नये. चिठ्ठी द्यावी आणि आठ दिवसांनी गेलात काय, हे विचारावे.

कुटुंब सावरले तर काय करू शकते, याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. नागपूरचे संपत रामटेके यांच्या मुलाला हा व्याधी होता. त्या दुःखातून त्यांनी सिकलसेल सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था उभारून रुग्ण व पालकांसाठी आयुष्यभर काम केले. २०१८ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री देण्यात आली. ते वैद्य नव्हते. एका रुग्णाचे वडील, म्हणजे आपल्या परिभाषेतील परिचारक होते.

समारोप

आमचा रुग्ण आज मोठ्या वर्गात शिकतो. व्याधी गेलेला नाही. गेल्या हिवाळ्यात त्याला एकदा दाखल करावे लागले. परंतु आता तो स्वतः वहीत अंक लिहितो, आणि वर्गात पाण्याची बाटली लपवीत नाही. कार्ड पेटीतून निघून दाराजवळच्या पिशवीत आले, हा आमच्या मते या चिकित्सेतील सर्वांत मोठा उपशय होय.

वैद्यबंधूंना आमची विनंती एवढीच की, आपल्या केसपेपरवर नाव व वय यांच्या खाली ‘मूळ गाव’ असा एक रकाना छापून घ्यावा. आम्ही तो छापून घेतला आहे.